वऱ्हाड नक्की कुणाचं होतं? जुन्या कागदांवरच्या प्रांतांचा उलगडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब पुसद तालुक्यातल्या एका गावचं. पणजोबांच्या १८९८ च्या कागदावर ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स, जिल्हा बाशीम’ असं आहे. आजोबांच्या १९२८ च्या शाळेच्या दाखल्यावर ‘सी. पी. अँड बेरार, जिल्हा यवतमाळ’ (बेरार म्हणजे वऱ्हाड), तर वडिलांच्या १९५२ च्या कागदावर ‘मध्य प्रदेश’. घरचे म्हणतात, आपण गाव कधी सोडलंच नाही. आईचं माहेर भंडाऱ्याकडचं, आणि तिथल्या जुन्या जमिनीच्या कागदात मालक म्हणून भलत्याच माणसाचं नाव निघालं आहे. आपले पूर्वज निजामाचे की इंग्रजांचे, आणि पुढचा शोध हैदराबादला घ्यायचा की नागपूरला, असं विचारलं आहे.

घरचे खरं बोलताहेत आणि तिन्ही कागदही खरे असण्याची शक्यता मोठी आहे. माणसं जागच्या जागी राहिली, सरकारांच्या हद्दी त्यांच्यावरून सरकत गेल्या. विदर्भातले जुने महसुली कागद वाचून लोकांना त्यांची साखळी लावून देणं हे माझं नेहमीचं काम आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो आजचा जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून जुना कागद वाचल्यामुळे. खरा प्रश्न ‘निजामाचे की इंग्रजांचे’ हा नाहीच. गाव वर्धा नदीच्या कोणत्या अंगाला आहे आणि कागद कोणत्या सालचा आहे, या दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. त्या ठरल्या की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

वर्धा नदीचं महत्त्व १८०३ पासूनचं. त्या वर्षी अडगाव आणि गाविलगडच्या लढाया हरल्यावर नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाडचा मुलूख सोडला. इंग्रजांनी तो निजामाला दिला. त्याआधी कित्येक वर्षं वऱ्हाडात निजाम आणि भोसले दोघांचीही वसुली चालायची, एकाच गावावर दोन सरकारं. तहानंतर नदीच्या पूर्वेला भोसले, पश्चिमेला निजाम अशी विभागणी झाली. पुढे दोन्हीकडे इंग्रजच आले, पण वेगवेगळ्या वाटेनं आले, आणि तो फरक कागदांवर शेवटपर्यंत राहिला.

पूर्वेचं आधी सांगतो, ते सोपं आहे. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, त्यांना मुलगा नव्हता. डलहौसीनं दत्तक न मानता १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये नागपूर प्रांत आणि उत्तरेकडचा सागर-नर्मदा मुलूख एकत्र करून ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ म्हणजे मध्य प्रांत बनवला, राजधानी नागपूर. हा मुलूख पूर्णपणे ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता. भंडारा, नागपूर, वर्धा, चांदा (आजचं चंद्रपूर) इथली माणसं १८५४ पासून सरळ ब्रिटिश प्रजा.

पश्चिमेला, म्हणजे तुमच्या पुसदकडे, असं खालसा करणं कधी झालंच नाही. निजामाच्या खर्चानं पोसली जाणारी पण इंग्रजांच्या हुकमातली ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज होती. तिच्या पगाराची थकबाकी वाढत गेली आणि १८५३ च्या तहानं निजामाकडून वऱ्हाडचे जिल्हे कारभारासाठी लावून घेतले गेले. ‘असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ ते हे. सोबत धाराशिव-नळदुर्गचा भाग आणि रायचूर दोआबही घेतला होता. तो १८६० मध्ये परत दिला, ५० लाखांचं कर्ज माफ केलं, वऱ्हाड मात्र ठेवून घेतलं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, अशी ही व्यवस्था. आणि तो कारभार नागपूरहून नव्हे, तर हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या इंग्रजी प्रतिनिधीच्या, हाताखाली चालायचा. म्हणून पणजोबांच्या कागदावर हैदराबादचं नाव आहे. निजामाच्या कुठल्याही कचेरीत तो कागद तयार झालेला नाही.

१९०२ मध्ये कर्झननं निजाम महबूब अली खान यांच्याशी नवा करार केला. वर्षाला २५ लाख रुपये देऊन वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं, आणि १ ऑक्टोबर १९०३ पासून कारभार रेसिडेंटकडून काढून मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरकडे दिला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड एका टेबलावर आले ते तेव्हा. तरीही वऱ्हाड कायद्यानं ब्रिटिश हिंदुस्थान झालं नव्हतं. मध्य प्रांतासाठी झालेला कायदा वऱ्हाडात लागू करायचा तर वेगळी अधिसूचना काढावी लागे. १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांताच्या कौन्सिलात वऱ्हाडचे प्रतिनिधी मतदार निवडून देत, पण कागदोपत्री त्यांची नेमणूक करावी लागे, कारण ते परक्या राजाच्या मुलखातले. हे तांत्रिक वाटेल, पण १९२८ सालच्या तुमच्या आजोबांची कायदेशीर अवस्था हीच होती: शाळा, कोर्ट, तहसील इंग्रजांची, सार्वभौमत्व निजामाचं.

निजाम उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागून पाहिलं. १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं त्यांना ठणकावून नकार दिला. मग १९३६ च्या करारात निजामाचं सार्वभौमत्व शब्दांत मान्य केलं, त्यांच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी दिली, आणि प्रत्यक्षात ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’ हा एकच गव्हर्नरचा प्रांत पक्का झाला. १९५० मध्ये त्याचंच नाव मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरच राहिली. म्हणून वडिलांच्या १९५२ च्या कागदावर मध्य प्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ ला आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. आजचं भोपाळचं मध्य प्रदेश आणि वडिलांच्या कागदावरचं मध्य प्रदेश एक नव्हे, हे कचेरीत समजावून सांगताना मी लोकांना थकलेलं पाहिलं आहे. तारखा लिहून सोबत न्या.

आता जिल्हा. १९०५ पर्यंत वऱ्हाडात सहा जिल्हे होते: अमरावती, एलिचपूर (आजचं अचलपूर), अकोला, बुलढाणा, बाशीम (म्हणजे वाशीम) आणि वणी. त्या वर्षी त्यांचे चार केले. एलिचपूर अमरावतीत गेला. वणी जिल्ह्याला यवतमाळ नाव मिळालं. बाशीम जिल्हा मोडला, त्याचे वाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला जोडले, आणि पुसद तालुका यवतमाळला. तुमचं कोडं इथेच सुटतं. बाशीम ते यवतमाळ हा प्रवास तुमच्या घरानं केला नाही, तालुक्यानं केला. आजचा वाशीम जिल्हा १९९८ चा आहे, जुन्या बाशीमशी त्याची हद्द जुळत नाही, म्हणून पुसदच्या माणसानं ‘आम्ही वाशीमचे’ असं लिहून देऊ नये.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. पुसदच्या दक्षिणेला पैनगंगा आहे आणि पैनगंगेपलीकडे खरोखरच निजामाचं राज्य होतं, १९४८ पर्यंत. माहूर, किनवट हा भाग तेव्हा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात. सोयरिकी नदी ओलांडून होत, रेणुकेच्या दर्शनाला माणसं जात-येत असत, बाळंतपणं माहेरी होत. तुमच्या घरातला एखादा जन्म नदीपलीकडे नोंदलेला असू शकतो. कागद हातात घेतल्यावर मी पहिल्यांदा भाषा आणि पैसा पाहतो. १८८० च्या दशकापासून निजामाचा कारभार उर्दूत चालू लागला, साल फसली असायचं (त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो) आणि रक्कम हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या नाण्यात. वऱ्हाडचा त्याच काळातला गावपातळीवरचा कागद मराठीत, बहुधा मोडीत, आणि रक्कम इंग्रजी रुपयात, म्हणजे लोक ज्याला कलदार म्हणत त्यात. उर्दू मजकूर आणि हाली रुपये दिसले तर तेवढ्या कागदापुरती निजामाची वाट धरा. एरवी नको.

हैदराबाद गॅझेटची, म्हणजे निजामाच्या राज्याच्या जुन्या छापील नोंदींची, चर्चा फार झाल्यामुळे वऱ्हाडातले पुष्कळ लोक त्यात आपलं गाव शोधायला जातात आणि निराश होतात. ते मराठवाड्याच्या उपयोगाचं आहे. वऱ्हाडची मोजदाद वेगळी होती: १८७० साली वऱ्हाडचं स्वतंत्र गॅझेटिअर निघालं, १८८१ ते १९०१ च्या जनगणनांत वऱ्हाडचे अहवाल वेगळे आहेत, आणि १९११ पासून मध्य प्रांताबरोबर एकत्र. शिवाय या छापील अहवालांत जाती-जमातींचे आकडे मिळतात, घराण्यांची नावं नाहीत. तुमच्या पणजोबांचं नाव कुठल्याही गॅझेटिअरमध्ये मिळणार नाही, ते गावच्या कागदातच मिळेल.

भूगोलाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण कागदाचा प्रकार जमिनीवरून ठरतो. वऱ्हाडचे दोन मजले आहेत. खालचा पयनघाट, म्हणजे गाविलगडच्या डोंगरापासून दक्षिणेकडच्या घाटापर्यंतचं पूर्णेचं काळ्या मातीचं खोरं. वरचा बालाघाट, म्हणजे बुलढाणा, वाशीम, पुसद, यवतमाळचं पठार. इंग्रजांना हवा होता तो पयनघाटातला कापूस. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ पर्यंत रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावला खास फाटा काढला. मोजणीदार, बंदोबस्त (म्हणजे जमीन मोजून सारा ठरवणं), नकाशे हे सगळं याच घाईत आलं. म्हणून पयनघाटातल्या गावांचे कागद भरपूर आणि जुने मिळतात. पुसदसारख्या डोंगराळ तालुक्यात जंगलाला लागून ओसाड गावं होती, ती वसवण्यासाठी इजाऱ्यानं, म्हणजे मक्त्यानं, दिली गेली. गाव इजाऱ्याचं किंवा जहागिरीचं असेल तर कुळांच्या नोंदी सरकारी दफ्तरात पातळ सापडतात. तुमचं गाव खालसा, म्हणजे थेट सरकारचं, होतं की इजाऱ्याचं, हे आधी विचारून घ्या. गावातल्या म्हाताऱ्यांना बहुधा माहीत असतं.

आणि आता तुमच्या आईच्या माहेरचा कागद. मला या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो, कारण इथे लोक हक्काचा पुरावा हातात असून सोडून देतात.

वऱ्हाडात इंग्रजांनी मुंबई इलाख्याची रयतवारी आणली. शेत मोजलं, सर्व्हे नंबर दिला, आकार (म्हणजे सारा) ठरवला आणि कसणाऱ्याचं नाव खातेदार म्हणून सरकारी कागदावर चढवलं. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये मालक असा कुणी नाही. वर्धेच्या पूर्वेला तसं झालं नाही. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील ठरावीक रकमेची वसुली भरायचा. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी त्या वसुली करणाऱ्यालाच गावाचा मालक ठरवलं. तो मालगुजार. कधी तो जुना पाटील होता, कधी सावकार, कधी नागपूरला राहणारा आणि गाव क्वचित पाहिलेला कुणी. गावच्या सगळ्या जमिनीवर, झाडांवर, तलावांवर मालक म्हणून त्याचं नाव. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारी घरं त्याच्याखाली काश्तकार म्हणून नोंदली गेली, काहींना वारसाहक्काचं मौरूसी कूळपण मिळालं, काहींना तेही नाही. मालगुजाराची घरची शेती ‘सीर’ आणि ‘खुदकास्त’ म्हणून वेगळी दाखवलेली असते.

म्हणजे भंडाऱ्याच्या कागदात मालकाच्या रकान्यात परकं नाव दिसणं हे स्वाभाविक आहे. त्यावरून आईच्या आजोबांकडे जमीन नव्हती किंवा ती कुणी लुबाडली, असा निष्कर्ष काढू नका. तोच कागद पुढे वाचा, काश्तकारांच्या यादीत त्यांचं नाव, बापाचं नाव, जात आणि शेताचे खसरा नंबर असण्याची शक्यता चांगली आहे. मालगुजारी १९५० च्या कायद्यानं संपली, ३१ मार्च १९५१ पासून हक्क सरकारजमा झाले. त्यानंतर तयार झालेल्या १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात तीच काश्तकार कुटुंबं थेट सरकारचे खातेदार म्हणून येतात. बंदोबस्ताची मिसल (त्या वेळची गावची फाइल) आणि अधिकार अभिलेख शेजारी ठेवून खसरा नंबर जुळवले की साखळी पुरी होते. नंबर बदललेला असेल तर शेताच्या चतुःसीमा आणि तलाव किंवा नाल्याची खूण उपयोगी पडते.

हा फरक नुसता दफ्तरात पडून नाही, आजही तो गावागावात दिसतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे भाताला पाणी देणारे ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव. ते गोंड राजवटीपासून कोहळी समाजासारख्या जाणत्या शेतकऱ्यांनी बांधले, इंग्रजी बंदोबस्तानं मालगुजारांच्या नावे केले आणि १९५१ नंतर सरकारचे झाले. गावाचा लाकूडफाटा, चराई, पाणी यांवरचे हक्क तिकडे निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिलेले आहेत. वऱ्हाडात हे कागद शोधत बसू नका, तिथे गायरानाला ‘ई क्लास’ म्हणतात. उलट झुडपी जंगलाचा, म्हणजे महसुली कागदांत तशी नोंद असलेल्या जमिनींचा, जो प्रश्न वर्षानुवर्षं गाजत आला आहे, तो नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहाच जिल्ह्यांचा, म्हणजे साधारण वर्धेच्या पूर्वेकडच्या जुन्या भोसल्यांच्या मुलखाचा. अकोल्यात तो नाही, यवतमाळात नाही. नदीच्या दोन अंगांना कारभाराची दोन वेगळी घडण झाली आणि आपण आजही तिच्यात राहतो. विदर्भ म्हणून एकच नकाशा दाखवणाऱ्या शाळेच्या पुस्तकात हे शिकवलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांच्या आजोबांनी आयुष्यभर निस्ताराचा हक्क वापरला, त्यांच्या नातवंडांना त्या कागदाचं नावही ऐकून माहीत नसतं.

शोधाचा क्रम मी असा ठेवीन. पुसदसाठी सुरुवात तहसील कार्यालयातून: कोतवाल बुकाची नक्कल मागा, जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात गाववार असतात. त्याच फेरीत शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहा. भूमी अभिलेख कार्यालयात जुन्या मोजणीचे कागद विचारा. त्यानंतर यवतमाळच्या जिल्हा अभिलेख कक्षात जा. १९०५ पूर्वीचं काही तिथे नाही असं उत्तर मिळालं तर तो शेवट समजू नका, बाशीम जिल्ह्याचे बाकीचे तालुके अकोल्याला जोडले होते, म्हणून अकोल्यालाही अर्ज करा. नागपूरच्या पुराभिलेखागारात प्रांताच्या पातळीवरचे कागद आहेत. रेसिडेंटच्या काळातला पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, पण तो धोरणांचा पत्रव्यवहार, त्यात एका कुटुंबाचं नाव सापडण्याची आशा धरून तिकिटं काढू नका. हैदराबादला जायचं कारण दोनच: १८५३ च्या आधीचं वतन किंवा सनद शोधायची असेल, किंवा पैनगंगेपलीकडचा जन्म सिद्ध करायचा असेल.

हा शोध जातपडताळणीसाठी असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण अशा प्रश्नांमागे बहुतेक वेळा तेच असतं. प्रवर्गानुसार तारखा वेगळ्या आहेत: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधीचा कागद आणि त्या वेळचं राहण्याचं ठिकाण, दोन्ही दाखवावी लागतात. आदिवासी कुटुंबांसाठी जुन्या हद्दी जास्त जाचक ठरल्या. सुरुवातीच्या यादीत विदर्भातल्या जमातींना ठरावीक तालुक्यांपुरतीच मान्यता होती: मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, आणि यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, वणी, यवतमाळ. पुसद त्यात नव्हता. एकाच जिल्ह्यातली, एकाच जमातीची दोन घरं, एक यादीत आणि एक बाहेर. १९७६ च्या कायद्यानं हे क्षेत्रबंधन काढलं. त्यामुळे त्या आधीच्या पंचवीसेक वर्षांत पुसदच्या कुण्या आदिवासी घराच्या दाखल्यावर जमातीची नोंद ढोबळ किंवा वेगळी दिसली, तर त्यामागे हे कारण असू शकतं, आणि अर्जात ते स्पष्ट लिहायला हवं.

अर्ज करताना गावाचं नाव आजच्या आणि त्या वेळच्या, दोन्ही तालुका-जिल्ह्यांसह लिहा: ‘मौजा अमुक, तालुका पुसद, तत्कालीन जिल्हा बाशीम (१९०५ पूर्वी), नंतर जिल्हा यवतमाळ’. कागद शोधणाऱ्या कारकुनाचं अर्धं काम त्यानं होतं. भंडाऱ्याच्या बाबतीत आईचं माहेर आज गोंदिया जिल्ह्यात येतं का ते पाहा, तो जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, आणि काही गावांचे जुने कागद अजून भंडाऱ्यालाच असू शकतात. मोडी वाचता येत नसेल तर मूळ कागदाचा सरळ, पूर्ण पानाचा फोटो काढून ठेवा. घडीवर आलेला मजकूर आणि मागच्या बाजूचे शिक्के वगळू नका, कचेरीचं नाव पुष्कळदा फक्त शिक्क्यातच असतं.